इंग्रजीतलं गाऱ्हाणं

तोंडवलीत पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना मी इंग्रजी शिकवतो. त्यांतले एक गृहस्थ देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. वर्गातही ते डोळे मिटून, तालात 'इफ इट रेन्स' म्हणतात आणि थांबतात. देवळात ते थांबले की गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतं. सवयीने वर्गही म्हणतो.

"अहो, पाऊस पडला तर काय? पुढचं कोण बोलणार?"

"मास्तरांनू, तां सगळ्यांका कळताच."

ओरडून ओरडून माझा घसाच बसला. तेव्हा त्यांनी मला धरून देवळात नेलं आणि जमलेल्या गावासमोर नारळ ठेवून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आमच्या मास्तरांचो आवाज परत इलो, तर मी इंग्रजी सोडतलंय!"

एकदाचं वाक्य पूर्ण झालं. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो.