कोरी तपासणी

आमच्या फर्मचा इतिहास मी अनेकदा सांगितला आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे, नव्या ग्राहकांपुढे, एकदा तर रेडिओवरही. परभणीत साळवे सरांच्या घराची पुढची खोली, एक टेबल, एक ड्रॉईंग बोर्ड, खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवरच्या मोऱ्या — आणि तिथपासून थेट गोदावरीवरच्या पुलांपर्यंत. कुठे थांबायचे, कुठे श्रोते हसतात, कुठे टाळ्या येतात, सगळे मला पाठ आहे. प्रत्येक वेळी मी एक गोष्ट वगळते. ती माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही, सरांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापुढे तोंड उघडते आहे.

सध्या फर्मची स्मरणिका निघते आहे आणि ‘आमची वाटचाल’ हा लेख माझ्याकडे आला आहे. त्यात मीच लिहिलेले एक वाक्य आहे — ‘एका त्रुटीने आम्हाला शिस्त शिकवली.’ छापायला गेलेला मजकूर वाचताना या वाक्यापाशी आले की माझे डोके तडकते. कुणाची त्रुटी? कसली शिस्त? इतके गुळगुळीत वाक्य मी सहज लिहून गेले, याचा मला संताप येतो.

आधी पद्धत सांगायला हवी, कारण फर्म वाढली ती या पद्धतीवर. साळवे सर सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, वरपर्यंत ओळखी नव्हत्या. होता तो एक हट्ट. कोणत्याही पुलाचे गणित दोन माणसांनी करायचे आणि दुसऱ्याने पहिल्याचे पान पाहायचे नाही. दुसऱ्याला मिळणार जागेची मोजणी, मातीचा अहवाल आणि कोरे कागद. याला आमच्याकडे ‘कोरी तपासणी’ म्हणतात. दोघांचे काम संपले की ‘जुळवणी’ — सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचे आणि दोघांनी आळीपाळीने आपापली उत्तरे मोठ्याने वाचायची. फरक पडेल तिथे थांबायचे, कारण शोधायचे, आणि ज्याचे चुकले असेल त्याने सगळ्यांसाठी भजी आणायची. दुसऱ्याचे उत्तर एकदा डोळ्यांखालून गेले की डोळे त्याचीच बाजू घेऊ लागतात, असे सर म्हणत.

वंदनाताई सगळ्यांत जास्त भजी आणणाऱ्या आणि सगळ्यांत जास्त भजी खाणाऱ्याही. तंत्रनिकेतनातला डिप्लोमा करून सरांच्या त्या पुढच्या खोलीत रुजू झालेल्या पहिल्या कर्मचारी. रोज पाथरीहून एसटीने येत. जिल्ह्यातल्या किती मोऱ्या आणि छोटे पूल त्यांच्या हातून उतरले, याची मोजदाद फर्मकडेही नसेल. मी एम.टेक. करून आले त्या दिवशी त्यांनी माझ्या खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाल्या, “बस गं बाई. आता आमच्या चुका बी इंग्रजीत निघतील.” सगळे हसले. मी हसले नाही. मला वाटले, ही बाई माझ्या पदवीची टर उडवते आहे. ती मला जागा करून देत होती, हे कळायला मला फार उशीर लागला — आणि कळले तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

माझी गणिते वेगळी होती. परभणीत मला राहायचे नव्हते. इथे दोन वर्षे काढायची, नाव करायचे आणि मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्ममध्ये जायचे, असा माझा बेत होता. महत्त्वाकांक्षा वाईट असते असे मी आजही मानत नाही. त्यामुळे तिच्यावर खापर फोडून मला मोकळे होता येणार नाही.

तर तो पूल. गंगाखेड तालुक्यातल्या एका ओढ्यावरचा, एकाच गाळ्याचा. रस्ता सरळ न्यायचा होता, पण लगतची जमीन मिळाली नाही आणि शेवटच्या घडीला रस्ता ओढ्यावरून तिरपा जाऊ लागला. पूल तिरपा झाला की त्याची स्लॅब आयतासारखी राहत नाही, दोन्ही टोके एकीकडे कललेली होतात. मग भार चारही कोपऱ्यांत सारखा वाटला जात नाही. विशालकोनाच्या दोन कोपऱ्यांत तो गोळा होतो. तिथे वरच्या बाजूला जादा सळई घालावी लागते, नाहीतर स्लॅब कोपऱ्यात चिरते. तुम्हाला एवढे पुरे आहे. मला याहून पुष्कळ ठाऊक होते, कारण माझा प्रबंधच तिरप्या स्लॅबवर होता. त्यासाठीच सरांनी मूळ गणित आणि आराखडा ताईंकडे आणि कोरी तपासणी माझ्याकडे दिली.

मोजणीचे कागद माझ्या टेबलावर ठेवताना ताई म्हणाल्या, “हे तिरपं प्रकरण हाय बघ मेघा. मी सरळ पुलावरनंच बेतलंय, माझा काय ह्याच्यात हात बसलेला न्हाई. कोपऱ्याकडं तू नीट बघ. तुझ्या अभ्यासातलं हाय.”

मी मान वर न करता ‘हो’ म्हणाले. ताईंचे हे बोलणे लक्षात ठेवा.

मी त्या दिवसांत काय करत होते? ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या संगणकावर, एका परिषदेसाठी शोधनिबंध लिहीत होते. विषय — तिरप्या स्लॅबच्या कोपऱ्यांतील ताण. हसा, खुशाल हसा. निबंधातल्या तिरप्या पुलात मी इतकी गुंतले होते की टेबलावरच्या खऱ्या तिरप्या पुलासाठी मला सवड नव्हती. जुळवणी तोंडावर आली तेव्हा माझे कागद खरोखरच कोरे होते. मग ताई जेवायला गेल्या असताना मी त्यांच्या टेबलावरचा आराखडा पाहून घेतला आणि उत्तरांवरून उलटे गणित रचले. शाळेत पुस्तकाच्या शेवटचे उत्तर पाहून मुले मधल्या पायऱ्या बसवतात ना, तसे. एवढ्यावर थांबले असते तरी ती साधी लबाडी झाली असती. पण उत्तरे हुबेहूब जुळली तर सरांना संशय येईल, म्हणून मी प्रत्येक आकड्यात किंचित फरक ठेवला — कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी. इतकी अक्कल मला होती! कोपऱ्याकडे एकदा नजर टाकण्यापुरती मात्र नव्हती. ताईंच्या आराखड्यात जादा सळई नव्हती. माझ्या तपासणीतही ती आली नाही.

जुळवणीत आम्ही दोघींनी उत्तरे वाचली. सर समाधानाने मान हलवत होते. “मग भजी कुणाकडनं?” कुणीतरी विचारले. “कुणाकडनंच न्हाई,” ताई म्हणाल्या, “आज समद्यास्नी उपास.”

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. नाही. इथवरची गोष्ट मी कदाचित कधीतरी, कुणापाशी तरी, हसत हसतही सांगितली असती.

पूल झाला. उसाचा हंगाम सुरू झाला, कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग त्याच्यावरून जाऊ लागली, आणि हंगाम अर्ध्यावर असताना एका कोपऱ्यात वरून चीर दिसली. पूल बंद केला. ट्रॅक्टर, शाळेची मुले, दवाखान्याला निघालेली माणसे — सगळी लांबच्या वाटेने. कुणी मेले नाही. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटले आहे की आता त्याची किळस येते. कुणी मेले नाही, यात माझे काय कर्तृत्व?

सरांनी आम्हा दोघींना त्याच टेबलाशी बसवले. आवाज चढवला नाही. ताईंनी त्यांना विचारायचीही वेळ येऊ दिली नाही. “सर, माझं चुकलं. कोपरा सुटला माझ्याकडनं.” मग सर माझ्याकडे वळले. तिरप्या स्लॅबवर प्रबंध लिहिला आहेस, मग कोऱ्या तपासणीत तुला हे दिसले कसे नाही, एवढेच त्यांनी विचारले.

प्रश्न अचूक होता आणि त्याला उत्तर एकच होते. ताईंची चूक झाली होती. माणसाची चूक होते, म्हणून तर ती पद्धत होती. मी ती पद्धतच खोटी पाडली होती. हे मला त्या क्षणी लख्ख दिसत होते. मी गोंधळले होते, घाबरले होते, वय लहान होते — असले काही समजून घेऊ नका. मी विचार केला. खरे बोलले तर काय जाईल आणि न बोलले तर काय राहील, हे नीट तोलून पाहिले. आणि म्हणाले, “सर, मला दिसले होते. कोपऱ्याविषयी मी ताईंशी बोलले होते. त्या म्हणाल्या, एवढ्या लहान पुलाला काही होत नाही. त्या मोठ्या आहेत, म्हणून मी माझ्या गणितातूनही जादा सळई वगळली आणि जुळवणीत विषय वाढवला नाही.”

पाहिलेत? हे खोटे हवेतून आणलेले नव्हते. कोपऱ्याविषयी बोलणे झालेच होते, आम्हा दोघींतच झाले होते. मी फक्त कोण बोलले आणि कोणी ऐकले, यांची अदलाबदल केली.

ताई चवताळतील, अशी माझी खात्री होती. त्यांना काय उत्तर द्यायचे, तेही मी जुळवून ठेवले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिले. मग म्हणाल्या, “बोलणं झालं व्हतं खरं कोपऱ्याचं... तू म्हणली असशील बाई. माझ्याच ध्यानात न्हाई राहिलं.”

या वाक्याने मी मोडून पडायला हवे होते. मला हायसे वाटले. हायसे!

कित्येकदा मला ताईंचाच राग येतो. का विश्वास ठेवलात? इतकी वर्षे या खोलीत काढलेली बाई, स्वतःच्या आठवणीपेक्षा काल आलेल्या पोरीच्या पदवीवर कशी विसंबली? ‘खोटं बोलायलीस तू’ म्हणून टेबलावर हात का नाही आपटला? — पण आपटला असता तरी मी कबूल केले असते का? नसते. मी तयारीने बसले होते. म्हणजे हा रागही लबाडच आहे. माझ्यावरचा राग दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याची खटपट आहे ती.

सरांनी त्यांना काढले नाही. त्या स्वतःच गेल्या. कुणी धोका सांगितला तरी आपल्या डोक्यात राहत नसेल, तर आपण पुलाचे गणित करणे बरोबर नाही, असे त्यांनी सरांना सांगितले. चूक त्यांनी पचवली असती, आयुष्यभर चुकांची भजी आणत आल्या होत्या. पण स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा गेला आणि तो मी घालवला.

आणि फर्म वाढली. लेखात मी हे फार छान लिहिले आहे. सरांनी स्वतंत्र तपासणी विभाग काढला आणि ज्या मुलीला धोका आधीच दिसला होता तिला त्याची प्रमुख केले. माझा शोधनिबंध त्या चिरलेल्या पुलाच्या उदाहरणासह परिषदेत वाचला गेला. असा विभाग असलेली फर्म म्हणून आमचे नाव झाले, गोदावरीवरचे मोठे काम मिळाले, मग पुण्यात कार्यालय आले. मोठ्या शहरात जायचा माझा बेत होता, तर मोठे शहरच माझ्याकडे आले. नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगितली जाते — ज्येष्ठांपुढे गप्प बसू नका, मेघा मॅडम संकोचाने गप्प बसल्या आणि पूल चिरला. संकोचाने! त्या मुली माझ्याकडे कौतुकाने पाहतात आणि मला त्यांच्या अंगावर ओरडावेसे वाटते. मी ओरडत नाही. मी स्मित करते. त्या दिवसानंतर एकही तपासणी मी कोऱ्या कागदाशिवाय केली नाही. पण ते सांगण्याजोगे नाही, त्याचा मला पगार मिळतो.

गेल्या हिवाळ्यात एक जागा पाहून परतताना पाथरीच्या बसस्थानकासमोर ताई भेटल्या. त्या आता शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. सोबत त्यांची मुलगी होती, तंत्रनिकेतनात नुकतीच सिव्हिलला गेलेली. “अगं बाई, मेघा! लय मोठी झालीस की गं. भजी खातीस का आता, का ते बी बंद केलंस?” माझा दंड धरून त्यांनी मला गाड्यावर नेलेच. ताटली माझ्या हातात देऊन त्या मुलीकडे वळल्या.

“हीच ती मेघा मॅडम. हिनं मला वेळेवर सांगितलं व्हतं, ताई कोपऱ्याकडं बघा म्हणून. मी ऐकलं न्हाई. तू ऐकत जाय लोकांचं. मला समजतंय ना, असं करू नको कधी.”

मुलगी माझ्याकडे आदराने पाहत होती. एका वाक्याचे काम होते. माझ्या तोंडात भजे होते. ते मी सावकाश गिळले आणि म्हणाले, “मी तर सगळे ताईंकडूनच शिकले.” ताई लाजल्या.

मी त्यांना काहीही सांगितले नव्हते. कोपऱ्याकडे नीट बघ, असे वंदनाताईंनी मला सांगितले होते.