वन्संचा वारा

माझ्या मोठ्या नणंदेच्या हातात बरीच वर्षं एक समुद्र होता. मी थट्टा करत नाही. लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करणारी, घरी आल्यावर पाय लांब करून बसणारी, भाजीत मीठ जास्त पडलं तर न बोलता पाणी पिणारी ही बाई रोज सकाळी ठरवायची की त्या समुद्रावर आज वारा कुठून कुठे वाहील. शे-दोनशे माणसं आपापल्या घरी बसून तो वारा मुकाट्याने मानायची. घरातला पंखा कितीवर ठेवायचा, हे मात्र मी ठरवायचे.

समुद्र म्हणजे मोबाइलवरचा खेळ. प्रत्येकाला एक बेट. त्यावर पेरायचं, गलबतं बांधायची, शेजाऱ्याशी देवघेव करायची, जमलंच तर त्याचं बेट गिळायचं. दिवसाला चाल एकच. इतका संथ खेळ काढणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला नसता तरच नवल. ती गेल्यावर खेळणाऱ्यांनीच खेळ आपल्या ताब्यात घेतला. मग प्रश्न आला वाऱ्याचा. गलबतं वाऱ्यावर चालतात, तेव्हा वारा ज्याच्या हाती त्याच्या हाती सगळंच. म्हणून त्यांनी रीत पाडली: वारा सांभाळणाऱ्याने स्वतःचं एकही गलबत ठेवायचं नाही, आपल्या बेटावर दिवा लावून बसायचं. वारा सोडेल त्या दिवशी त्याला एक होडी मिळेल. वल्ह्यांची, लहानशी.

“इतकी वर्षं राबायचं आणि शेवटी काय, तर होडी?” मी विचारलं होतं.

“पेन्शन समज,” वन्सं म्हणाल्या.

त्यांची वारा ठरवायची पद्धत अशी. दुकान उघडलं की त्या इस्त्री तापवायच्या, ओल्या बोटाने चर्र करून बघायच्या आणि पहिल्या शर्टाची कॉलर दाबायच्या. भस्सकन वाफ उठायची. ती खिडकीकडे गेली तर समुद्रावर वारा पूर्वेला, दाराकडे गेली तर पश्चिमेला, नुसतीच डोक्यावर घुटमळली तर मंद झुळूक. “माझं मन मध्ये यायला नको ना,” त्या म्हणायच्या. मी कधी दुकानात गेले की त्या पांढऱ्या वाफेत त्यांचा चेहरा अर्धाच दिसायचा, हँगरवरचे शर्ट मागे हलके हलके झुलायचे, आणि मला उगाचच वाटायचं की आपण कुठल्यातरी किनाऱ्यावर उभ्या आहोत. मग लॉन्ड्रीचा मालक खोकायचा आणि मी भानावर यायचे.

समुद्रावरच्या माणसांपैकी वन्संचा सूर जुळला होता तो कासवाशी. हा गृहस्थ मोटार चालवायला शिकवायचा आणि खेळात इतका जपून चालायचा की सगळे त्याला कासव म्हणत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी तो विचारायचा, “आज वारा कसा?” आणि वन्सं लिहायच्या, “बघ की.” एवढंच. पण ते लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघून आमचे हे मला डोळ्यांनी खुणावायचे आणि मी त्यांना डोळ्यांनीच दटावायचे.

या कासवाने एकदा धाडस केलं. आपल्या बेटावरची सगळी रोपं एका गलबतात भरली आणि उत्तरेच्या ओसाड बेटाकडे निघाला. तिथे म्हणे त्याला नुसती झाडं लावायची होती. आणि नेमका तेव्हापासून समुद्रावर पूर्वेकडे वाहणारा वारा लागला, तो लागलाच. पूर्वेकडची गलबतं बंदरातून बाहेर निघेनात, पश्चिमेकडच्यांची भरभराट. कासव ढकलला जात जात नकाशाच्या पार कोपऱ्यात गेला, जिथे निळ्या रंगाशिवाय काही नाही. लोक कुजबुजायला लागले. एका बेकरीवाल्याचं बेट पूर्वेला होतं. त्याने तर सगळ्यांसमोर लिहिलं, “बाईंनी पश्चिमवाल्यांशी संधान बांधलंय.”

वन्संच्या जिवाला ते फार लागलं. ज्या बाईने आयुष्यात कोणाच्या खिशात विसरलेलं नाणंसुद्धा ठेवून घेतलं नाही, तिच्यावर हा आळ! जेवणावरून त्यांचं मन उडालं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा घरी राहिला, तो द्यायला मी दुकानात गेले. सहज वर बघितलं.

“वन्सं, हा पंखा कधी बसवला?”

खिडकीच्या वरच्या काचेत हवा बाहेर ओढणारा पंखा घरघरत होता. मालकाने उकाड्यावर उपाय म्हणून लावलेला. वन्संनी इस्त्री उभी केली आणि कितीतरी वेळ त्या पंख्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यासमोरची वाफ सरळ एका ओळीत खिडकीकडे चालली होती, रोजच्यासारखी. खाली मान घालून काम करणाऱ्या माणसाला वरची काच कुठून दिसणार? मला हसू फुटलं. त्यांना नाही फुटलं.

त्यांनी समुद्रावर सगळं खरं खरं लिहिलं. पुढे लिहिलं, “वारा एकाच्या हातात असला की असं होणारच. आता तिघांनी सांभाळा. तिघांचं एकमत झालं तरच वारा वाहील.” आणि तिघांत पहिला निवडला तो त्या बेकरीवाल्यालाच. बाकी एक नर्स आणि एक निवृत्त मास्तर.

पण खरी गंमत पुढेच आहे. बेकरीवाल्याला आता लाज वाटत होती. तो म्हणाला, “आधी नर्सबाईंनी सांगावं.” नर्सबाई म्हणाल्या, “मास्तर वडीलधारे आहेत.” मास्तर म्हणाले, “छे छे, तुम्ही दोघं म्हणाल तसं.” या सभ्यपणात वारा पडला. समुद्र आरशासारखा झाला. शिडं सैल पडली, गलबतं जिथल्या तिथे. वन्सं घरी आल्या की मीही त्यांच्या खांद्यावरून तो समुद्र बघायला लागले. इतकं निळं आणि इतकं शांत! जणू कोणीतरी सगळ्या सुरकुत्या काढून तो तिथे पसरून ठेवला होता. पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना तो माझ्या डोळ्यांपुढे तरंगत राहायचा.

पण कासवाच्या गलबतातलं पाणी संपत आलं होतं. पाणी संपलं की गलबत गेलं, आणि त्या खेळात गेलेल्याला परत येता येत नाही. तो रोजच्यासारखा विचारायचा, “आज वारा कसा?” आणि वन्संना आता “बघ की” लिहवत नव्हतं.

सगळे गयावया करायला लागले, “बाई, वारा परत घ्या.” एकटीने वारा सोडायची जुनी किल्ली अजून त्यांच्याच मोबाइलवर होती, काढून घ्यायचा कोणाला धीर झाला नव्हता.

“घ्या की!” मी वैतागून म्हटलं. “एक बोट तर टेकवायचंय. तो बिचारा तिकडे तहानेने मरतोय आणि तुम्ही तत्त्व कसलं धरून बसलाय?”

“अगं, आत्ता घेतला तर कायमचा माझाच होईल,” त्या म्हणाल्या. “मग पुढच्या पंख्याच्या वेळी भांडायलासुद्धा कोणी पुढे येणार नाही.”

“आणि कासव?”

त्यांचे डोळे भरून आले होते. बोट किल्लीवर गेलं, थांबलं, मग घसरत खाली त्यांच्या बेटाच्या किनाऱ्याशी आलं. तिथे ती होडी होती. पेन्शन. सगळ्या समुद्रात वाऱ्यावाचून चालणारी तेवढीच एक गोष्ट.

वन्संनी तिच्यात पाणी भरलं, सगळ्यांसमोर किल्ली पुसून टाकली आणि निघाल्या.

नकाशावर दिवसाला एक घर. इतकी वर्षं सगळ्यांना हलवणारी ही बाई स्वतः पहिल्यांदाच कुठेतरी चालली होती. त्या आरशावर एवढासा ठिपका सरकायचा, त्याच्यामागे बारीक रेघ उमटायची, आणि थांबलेल्या गलबतांवरून लोक लिहायचे, “बाई, सावकाश.” आमचे हे ऑफिसातून फोन करून विचारायचे, “ताई कुठवर पोचली?”

होडी कासवापाशी पोचली तेव्हा त्याच्याकडे शेवटचं पिंप उरलं होतं. “पाणी आणलंय,” वन्संनी लिहिलं. त्याने उत्तर दिलं, “रोपंही जगली आहेत.”

त्यानंतर त्या माघारी वळल्या. मी स्वयंपाकघरात होते, इतक्यात त्यांची हाक आली. धावत गेले. पडद्यावर शिडं फुगली होती, सगळी गलबतं हलत होती, आणि वन्संची होडी तेवढी नाक वर करून मागे ढकलली जात होती. तिघांचं एकदाचं जमलं होतं.

“अगं बघ, वारा आला!” त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. “नेमका माझ्या तोंडावर! आणि मेल्यांनी मला विचारलंसुद्धा नाही!”