गुरांच्या रुमालातला प्लेग

धुळ्याच्या त्या दप्तरखान्यात मी वर्षभर जात होते. जामनेरजवळच्या आमच्या गावातून पहिली एसटी, जळगावला गाडी बदलायची, मग धुळे. टेबलाशी बसेपर्यंत अकरा वाजायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मोडी वाचायला मी सुट्ट्यांच्या वर्गात शिकले, तेही स्वतःच्या जिवावर.

प्लेगच्या साली आमच्याकडची माणसं गावं रिकामी करून शेतात झोपड्या घालून राहिली. त्याचे कागद तिथे होते. कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणतात. तो झोपड्यांचा रुमाल मी अर्धा वाचला होता. त्यावरच माझा प्रबंध उभा राहणार होता, कारण माझ्याआधी त्याला कोणी हात लावला नव्हता.

मग पुण्याची ती आली. माझ्याच वयाची. खापरपणजोबा त्या काळी खानदेशात सरकारी डॉक्टर, आजोबा डॉक्टर, आई डॉक्टर. मोडी तिला आजोबांनी घरीच शिकवलेली. मी बोट ठेवून ओळ लावायची, ती वर्तमानपत्र वाचावं तशी वाचायची. दप्तरखाना सांभाळणाऱ्या नानांनी दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी चहा मागवला. मला वर्षभरात पाणी विचारलं होतं, एकदा, मे महिन्यात.

मंगळवारी ती म्हणाली, "काका, उद्या तो झोपड्यांचा रुमाल काढाल? फोटो घेते आणि परवा निघते."

माझं वर्ष, तिची एक सकाळ.

पाचला नाना खिडक्या लावत होते. मी तो रुमाल उचलला, गुरांच्या रोगांचे कागद होते त्या मांडणीवर नेला, गुरांच्याच एका जुन्या फडक्यात गुंडाळला आणि बांधला. पाच मिनिटंही लागली नाहीत. तेच मला अजून आठवतं.

बुधवारी रुमाल सापडेना. नाना मांडण्या धुंडाळत राहिले. ती मात्र शांत. "असू दे हो काका, थांबते मी आणखी दोन दिवस." तिचं हे शांत राहणंही मला सलत होतं. मला परवडतं का असं शांत राहणं? माझी शेवटची एसटी चुकली तर मी जळगावच्या स्टँडावर.

शुक्रवारी नानांनी मला मांडण्यांच्या मागे बोलावलं. गुरांच्या रुमालांकडे बोट केलं. "हाई गाठ मन्ही नही शे."



नाना सगळे रुमाल एकाच गाठीने बांधायचे. टोक ओढलं की सुटणारी. ही गाठ घट्ट, टोक आत दाबलेलं. वेचणीच्या दिवसांत आई कपाशीचं गाठोडं बांधते तशी. मी घाईत हात चालतील तसं बांधलं होतं, आणि हात आईचे चालले.

"कपाशीले मारतस अशी गाठ," नाना म्हणाले. "दप्तरमा कोन मारस? तू. तुन्ही मायनी शिकाडी व्हई."

"नाना, वरिस गेलं माझं त्याच्यात."

"मन्हा तीस गयात," ते म्हणाले. "मी लपाडं का काही?" मग वरची धूळ झटकली आणि रुमाल माझ्या हातात दिला. "सोडू नको. अस्साच नेईसन दे तिले."

मी नेऊन तिच्या टेबलावर ठेवला. "गुरांच्या कागदांत होता," एवढंच म्हणाले. खरंच होतं ते.

तिने गाठ ओढली. सुटेना. नखं लावली, पेनचं टोक घातलं. शेवटी हसून म्हणाली, "अगं, ही उघडायची कशी? सोडतेस?" मी अंगठ्याने मध्ये दाबलं, आतलं टोक वर आलं, एका झटक्यात सुटली.

रुमालाच्या शेवटाकडच्या एका पानावर तिला खापरपणजोबांची सही सापडली. ती उठून उभीच राहिली. "बघ ना, हेच ते!" मी पाहिली. लांबलचक, ऐटबाज सही. तिने पाच फोटो काढले आणि पुढचं पान उलटलं.

ते आमच्या गावाचं होतं. झोपड्या इतक्या, माणसं इतकी, आजारी इतके. नाव एकाचंही नाही. मी अजून तिथवर पोहोचले नव्हते.

"थांब," मी म्हणाले. "हे मी वाचणार. आधी."

तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी कळलं असावं, आणि पान माझ्याकडे सरकवलं. मी बोट ठेवून, ओळ लावत वाचलं. अर्धा तास लागला. ती बसून राहिली, एकदाही मदत केली नाही. त्याबद्दल मी तिला मानते, बाकी कशाबद्दल नाही.

निघताना तिने विचारलं, "ती गाठ शिकवशील?"

"नाही," मी म्हणाले आणि रुमाल नानांच्या गाठीने बांधला.