मोनोंक लेओंसची मांजरं

आमच्या गावात लेओंस डेगलला सगळे 'मोनोंक' म्हणायचे, म्हणजे काका. सख्खा पुतण्या मात्र त्याला एकही नव्हता, आणि लग्नही त्यानं केलं नाही. तरुणपणी तो लाकूडतोड्यांच्या तळांवर स्वयंपाक करायचा, मग तीस वर्षं बटाट्याच्या गोदामात वजनकाट्यावर होता. गोदाम बंद पडलं तशी कामाची माणसं पोटासाठी दक्षिणेकडे निघून गेली. उंदरांसाठी पाळलेली अकरा मांजरं तेवढी मागं राहिली. मोनोंकनं ती आपल्या घरी आणली, आणि सोबत गोदामातला जुना काटाही आणला.

मी तेव्हा पोस्टात खिडकीवर बसायचे. आमचं गाव नदीच्या अलीकडच्या काठावर, अमेरिकेतल्या मेन राज्यात, पलीकडे कॅनडा. जनावरांचा डॉक्टर दीड तासाच्या अंतरावर. त्यामुळे कुणाचं मांजर खाईनासं झालं की माणसं आधी मोनोंकचं दार वाजवायची.

दर रविवारी चर्चहून आल्यावर तो एकेका मांजराला काट्यावर ठेवायचा आणि वजन कॅलेंडरवर लिहायचा. मला म्हणायचा, "माणसाचं काही दुखलं तर सगळ्या गावाला कळतं. मांजर दुखणं लपवतं. पण वजन कसं लपवणार?" वजन उतरलेलं दिसलं की त्याचे उपाय सुरू व्हायचे. कोंबडीची हाडं मीठ न घालता उकळून ते कोमट पाणी पाजायचं. कोठा जड असेल तर उकडलेला लाल भोपळा चमचाभर. पोट बिघडलं तर एल्मच्या झाडाच्या आतल्या सालीची बुळबुळीत पेज. पिसवा झाल्या तर साबणाच्या पाण्यात बुडवलेली बारीक फणी. कांदा-लसूण मांजराच्या वाऱ्यालाही येऊ द्यायचा नाही, आणि कुणी वासाची तेलं चोळायला सुचवलं तर त्याला तो दारातूनच परत लावायचा. "झाडपाल्याचं आहे म्हणून गरीब असतं असं नाही," म्हणायचा.

त्याच्याकडे नेमानं येणारं माणूस एकच. फेर्नांद ओलेट. दोन शेतं पलीकडे राहणारी, त्याच्याच वर्गातली, दहा वर्षांपूर्वी विधवा झालेली. ती दर गुरुवारी कुट्टूच्या पिठाची धिरडी घेऊन यायची. पार्सलं पोचवायला जाताना मी कितीदा त्या दोघांचं बोलणं ऐकलंय.

"अरे, माणसाला बसायला एखादी खुर्ची आहे का तुझ्या घरात? का त्याही आजाऱ्यांना दिल्यास?"

मोनोंक खुर्चीतल्या मांजरीला हलवायचा. "ऊठ गं म्हातारे, पाहुणी आलीय."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?"

"ज्या उठतील त्यांना."

मग ती हसत धिरड्यांचं फडकं सोडायची आणि तो लोणी काढायचा. दुपार टळेस्तोवर दोघं बसायची. इतर सहा दिवस तो मांजरांशीच बोलायचा, आणि तेही फार नाही.

फेर्नांदचा एक बोका होता, तिग्री. करडा, गलेलठ्ठ, तिच्या उशाशी झोपणारा. मार्चमधल्या एका गुरुवारी तिनं धिरड्यांऐवजी त्यालाच टोपलीत घालून आणलं. "सकाळपासून वाळूच्या डब्यात जाऊन बसतोय. कुंथतो, ओरडतो, काही होत नाही."

मोनोंकनं पोट चाचपलं. पोट घट्ट लागलं. "कोठा धरलाय," तो म्हणाला. त्यानं भोपळा दिला, पेज दिली. शुक्रवारी फरक नव्हता. फेर्नांदनं विचारलं, "डॉक्टरकडे न्यायचं का रे?"

"उद्यापर्यंत बघ. उद्या मोकळा होईल."

शनिवारी दुपारी तिग्रीनं मान टाकली. मोनोंकनं गाडी काढली. रस्त्यावरचं बर्फ वितळून नुसता चिखल झालेला, चाकं घसरत होती. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला मात्र आणि म्हणाल्या, "कोठा नाही हो. लघवी तुंबलीय." त्यांनी नळी घालायची तयारी केली, पण विष अंगभर भिनलं होतं. बोका टेबलावरच गेला.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. पण बोका कुंथत असेल आणि लघवीचा थेंब दिसत नसेल, तर दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात."

परतीच्या वाटेवर टोपली फेर्नांदच्या मांडीवर होती. तिच्या दाराशी मोनोंक टोपली घ्यायला पुढे झाला, तर तिनं ती छातीशी धरली. "उद्या म्हणालास तू," ती म्हणाली, आणि आत गेली.

पुढच्या गुरुवारी त्यानं लोणी काढून ठेवलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही ठेवलं. फेर्नांद आली नाही. तो तिच्या दारी गेला होता की नाही ते मला ठाऊक नाही. कधी बोलला नाही.

महिन्याभरानं तो पोस्टात आला, हातात पुठ्ठा. "हे इथं लावशील?" मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मी लेओंस डेगल. फेर्नांद ओलेटच्या बोक्याची लघवी तुंबली होती, मी कोठा समजलो. माझ्या चुकीनं तो मेला. तुमचा बोका कुंथत असेल तर माझ्याकडे येऊ नका. त्याच घटकेला डॉक्टरकडे जा.'

मी म्हटलं, "मोनोंक, कशाला आपल्याच तोंडाला काळं फासताय? लोक विसरतील."

"म्हणूनच लाव."

मी लावलं. शनिवारी फेर्नांद टपाल घ्यायला आली. रांगेत तिच्यासमोरच तो पुठ्ठा होता. तिनं तो वाचताना मी पाहिलं. आपली पाकिटं घेतली, हातमोजे चढवले आणि गेली.

त्यानंतर मोनोंककडे कुणीच येईनासं झालं. त्याला कुणी वाळीत टाकलं होतं असं नाही. त्यानंच डॉक्टरकडे जा म्हणून लिहिलं होतं, लोक गेले. अकरा मांजरांतली बाकीची म्हातारपणानं एकेक करून गेली, तीन उरली. त्यातल्या बिजूची मूत्रपिंडं थकली. आता मोनोंक जराशा शंकेनंही डॉक्टरीणबाईंना गाठायचा. त्यांनी त्याला कातडीखाली सुईनं पाणी चढवायला शिकवलं. "एकानं धरायचं, एकानं टोचायचं. घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"आहेत अजून दोघं," तो म्हणाला. हे त्यानंच मला सांगितलं, आणि पहिल्यांदाच थोडं हसला.

एकदा पार्सल द्यायला गेले तेव्हा पाहिलं. पाण्याची पिशवी त्यानं गरम पाण्यात ठेवून कोमट केली होती. बिजूला पंच्यात गुंडाळून गुडघ्यांत धरलं होतं, एका हातानं कातडी उचललेली, दुसऱ्या हातात सुई, आणि नळीची चकती फिरवायला तो दात वापरत होता. मी म्हटलं, "थांबा, मी धरते."

"तुला खिडकी उघडायचीय ना? जा तू. आम्हाला सवय झालीय."

अशी दोन वर्षं गेली. एका मंगळवारी सकाळी फेर्नांद टोपली घेऊन धापा टाकत पोस्टात शिरली. तिनं नवा बोका आणलाय हे मी ऐकलं होतं. "चल, गाडी काढ," ती म्हणाली. "माझ्यानं आता एवढ्या लांब चालवत नाही."

मी दाराला 'बंद'ची पाटी लावली आणि निघाले. गावाबाहेर आल्यावर ती सांगू लागली. "पहाटेपासून कुंथतोय. वाटलं एखादा तास जाऊ दे, होईल ठीक. मग त्याला फोन केला. दोन वर्षांनी. म्हटलं, लेओंस, अरे माझा... पुढचं ऐकूनच घेतलं नाही त्यानं. म्हणाला, इकडे आणू नकोस. बूट घालत बसू नकोस. नीघ. आणि ठेवलाच."

मी खाली पाहिलं. तिच्या पायांत घरातल्या सपाता होत्या.

नळी घातली, लघवी मोकळी झाली. बोक्याला दोन दिवस तिथंच ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळ केली असतीत तर मी काही करू शकले नसते."

येताना मोनोंकच्या घराशी मी गाडी हळू केली. खिडकीत तो उभा होता, बहुधा सकाळपासूनच. फेर्नांदनं तिकडे पाहिलं. हात दाराच्या कडीवर गेला, तिथंच राहिला.

"थांबू?" मी विचारलं.

तिनं हात कडीवरून काढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "चल पुढं. मला काय बोलायचं ते सुचायचं नाही."

तिला सोडून मी एकटीच मागे आले. मी हाक मारायच्या आत मोनोंकनं दार उघडलं.

"वाचला," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. दाराची चौकट धरली. आत बिजू ओरडली, तिची पाण्याची वेळ झाली होती. तो वळला, मग पुन्हा थांबला.

"नाव काय ठेवलंय तिनं त्याचं?"

मी विचारलंच नव्हतं.

"असू दे," तो म्हणाला, आणि पाणी गरम करायला आत गेला.