हिंगोलीहून जीपने आलेलं ‘नाही’

“मॅडम, तुमचा काटा खोटं बोलून राहिला.”

मुंजाजीरावांचा फोन भर बाजारातून होता. मागे हमालांचा गलका. “हट्टा गावचा शेतकरी हाय समोर. त्याचं हे पोतं अर्धंच भरलेलं, मला दिसून राहिलं. काटा दाखवतो मागच्या भरल्या पोत्याचं वजन. आता काय करू मी?”

“बंद करून चालू करा,” मी म्हणाले. आमच्या धंद्यात पहिलं उत्तर हेच असतं.

“केलं. तसंच हाय. आजचा माल जुन्या काट्यावर मोजतो. उद्याच्या बोलीपर्यंत बराबर न्हाई झालं, तर तुमचं सॉफ्टवेअर काढून टाकतो. माझ्या आडतीवर कोणी बोट दाखवलेलं मला चालत न्हाई.”

मुंजाजीराव हिंगोलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे आडते, आणि आमचं पहिलं गिऱ्हाईक. आमची कंपनी म्हणजे हिंगोलीत एका दुकानावरची खोली, तिथे बसणारे गजानन सर, आणि इकडे सेनगावला घरून प्रोग्राम लिहिणारी मी. मुंजाजीराव गेले असते तर यार्डात दुसरं कोणी आम्हाला दारात उभं केलं नसतं. मग मला पुन्हा पुण्याची नोकरी, आणि नवरा, लेक, सासूबाई सगळे सेनगावला. ते एकदा करून झालं होतं. पुन्हा करायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

तर काट्याशी बोलायचं, म्हणजे त्याच्यावरचं वजन वाचून घ्यायचं काम आमचा प्रोग्राम स्वतः करत नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला तयार कोड आम्ही वापरतो. त्याला लायब्ररी म्हणतात. ती कुटून आणलेल्या मसाल्यासारखी येते. वापरता येते, पण आत काय काय घातलंय ते दिसत नाही. बघायचं असेल तर तिचा मूळ सोर्स कोड आणि डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरायची माहिती, वेगळी मागवावी लागते. हे मागवायचं काम बिल्ड टूलचं. लागतील त्या लायब्रऱ्या नेटवरून आणायच्या आणि प्रोग्राम जुळवून द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सोर्स आण, डॉक्युमेंटेशन आण’ असं लिहिलं की झालं.

मी लिहिलं. टूल चालवलं. उत्तर आलं: सापडलं नाही.

स्पेलिंग तपासलं. पुन्हा चालवलं. सापडलं नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, म्हणजे मुंजाजीरावांना दिलेलं औषध स्वतः घेतलं. सापडलं नाही. मोबाइलवर त्या लायब्ररीची साइट उघडली, तर सोर्सची फाइल तिथे राजरोस दिसत होती. ती टूलशिवाय नेटवरून उतरवून वाचली. ही लायब्ररी वजनाचं काम दुसऱ्याच एका लायब्ररीवर ढकलून मोकळी झाली होती, आणि त्या दुसरीची नेमकी कोणती आवृत्ती आमच्याकडे आहे, हे त्या टूललाच ठाऊक. ते तर तोंड फिरवून बसलेलं.

सरांना फोन लावला.

“सोर्स काहून पाहिजे, वर्षाताई?” सर म्हणाले. “लायब्ररी वापरायची असते. वाचत कोण बसतं?”

“सर, आत काय चाललंय ते न बघता दुरुस्त कशी करू?”

“अंदाज घ्या न.”

अंदाज. उद्या बोली आणि हा माणूस अंदाज घ्या म्हणतो. मी फोन ठेवला, जरा जोरातच ठेवला. सासूबाई आतून म्हणाल्या, “काहून चिडून राहिली, पोरी?” “काही नाही,” मी म्हणाले. त्यांना सांगायचं तर आधी लायब्ररीपासून सुरुवात करावी लागली असती.

मग एक गोष्ट ध्यानात आली. ‘सापडलं नाही’ हे उत्तर फार झटकन येत होतं. आमच्या सेनगावच्या नेटवर साधा फोटो उघडायला वेळ लागतो, आणि हे टूल बटण दाबताच नेटवर जाऊन हात हलवत परत कसं येतं? मी नेट बंद केलं आणि टूल पुन्हा चालवलं.

तेच उत्तर. सापडलं नाही.

म्हणजे हे महाशय बाहेर पडलेच नव्हते. घरात बसून उत्तर देत होते.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. हिंगोलीच्या ऑफिसात नेटची बरी लाइन आहे, माझ्याकडे मोबाइलचा रोजचा मोजका डेटा. म्हणून लायब्रऱ्या सर तिकडे उतरवतात, तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतात, आणि पेन ड्राइव्ह सेनगावच्या जीपवाल्याकडे देतात. जीपवाला तो स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात ठेवतो, मी जाऊन आणते. सोबत सरांच्या सेटिंगची फाइलही येते. ही व्यवस्था सरांनी लावलेली. तिचा त्यांना फार अभिमान.

आता हे टूल काय करतं, एकदा एखादी फाइल मिळाली नाही की त्याच फोल्डरमध्ये तशी नोंद करून ठेवतं, आणि ठरलेला वेळ जाईपर्यंत पुन्हा विचारत नाही. नेहमीच्या सेटिंगला दुसऱ्या दिवशी तरी विचारतं. मी सरांची सेटिंग उघडली. डेटा वाचवायला त्यांनी तिथे लिहून ठेवलं होतं: कधीच नको.

पुन्हा फोन. “सर, तुम्ही कधी सोर्स मागवायचा प्रयत्न केला होता का?”

“व्हय. एकदा पाहिलं होतं करून. त्या दिवशी लाइन गेलेली होती. म्हटलं, जाऊ द्या.”

लाइन हिंगोलीची गेली. ‘नाही’ फोल्डरात बसलं, फोल्डर पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह जीपमध्ये. आणि मी सेनगावात दुपारभर त्या ‘नाही’च्या पाया पडत होते.

टूलला ‘जुनं विसर, जबरदस्तीने पुन्हा विचार’ अशी आज्ञा दिली. ते निघालं. निघालं ते एका लायब्ररीचं नाही, सगळ्यांचं डॉक्युमेंटेशन घेऊन येऊ लागलं, आणि मला हवी ती फाइल यायच्या आत माझा डेटा संपला. “गेला डेटा!” मी ओरडले.

सासूबाईंनी आपला फोन पुढे केला. “घे. माझं कीर्तन सकाळीच ऐकून झालं.”

त्यांच्या नेटवर फाइल आली. सोर्स वाचायची वेळच आली नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ एक वाक्य होतं: वजन स्थिर नसेल तर याआधीचं स्थिर वजन दिलं जाईल, नको असल्यास हा पर्याय बंद करावा.

लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठला तरी शांत कारखाना असणार. आमच्या यार्डात हमाल पहिलं पोतं पुरतं उचलायच्या आत दुसरं टाकतात. पोतं हलत असतानाच मुनीम बटण दाबतो. काटा बिचारा स्थिर होणार कधी? मी तो पर्याय बंद केला, आणि वजन स्थिर होईपर्यंत स्क्रीनवर ‘थांबा’ दिसेल असं केलं. संध्याकाळी सरांनी जाऊन ते मुंजाजीरावांकडे बसवलं.

सकाळी बोलीनंतर फोन आला. “मॅडम, तुमचा काटा लई थांबा थांबा म्हणून राहिला. हमाल वैतागले.”

“आणि वजन?”

“वजन बराबर. हट्ट्यावाला आज बी आला होता. त्यानं मुद्दाम अर्धं पोतं टाकून पाहिलं. बराबर आलं म्हणून बाकीचा माल माझ्याकडंच उतरवला.” मग जरा आवाज उतरवून, “बाजूच्या गाळ्यावाला विचारून राहिला. त्याच्याकडं कवा येता?”

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे पुणं न्हाई न आता?” त्यांना कालच्या दुपारपासून सगळं कळलेलं होतं.

पुढच्या वेळी सरांचा पेन ड्राइव्ह आला, तो मी लावला. फोल्डर नवीन, सेटिंग तीच: कधीच नको. आता मी भांडत नाही, आल्या आल्या ती ओळ खोडते. आणि कोणी ‘नाही’ म्हणालं, टूल असो की सर, तर एवढंच विचारते: तुम्ही स्वतः जाऊन आलात का?