इंजिन, विश्राम

आमच्या धाकट्याचं तोंड बंद पडलेलं मी आयुष्यात दोनदा पाहिलं. एकदा तो अठरा वर्षांचा असताना, आणि दुसऱ्यांदा यंदा, शाळेच्या सभागृहात. मधली एकतीस वर्षं तो अखंड बोलतो आहे आणि ऐकते आहे मी, त्याची थोरली बहीण. माझ्याइतकं देशप्रेम या देशात दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल.

आमचे वडील शिंपी. लष्कराचे गणवेश शिवायचे. घरात जिकडे तिकडे जाडंभरडं कापड आणि पितळी बटणं. हा बटणं घासून चकचकीत करायचा, अर्धवट शिवलेला कोट अंगात चढवून आरशासमोर ताठ उभा राहायचा आणि वडिलांची टपली खायचा. अठरा पुरी झाली तसा भरतीला गेला. उंची भरली, छाती भरली, डोळे ठीक. मग डॉक्टरांनी पाय ओले करून फरशीवर उभं केलं, तर अख्खा तळपाय उमटला, मधली कमान कुठे नाहीच. कागदावर लिहून दिलं: तळपाय सपाट, रोजची सहा किलोमीटरची चालही झेपणार नाही. चार दिवस हा घरात कुणाशी बोलला नाही. तो कागद आईने ट्रंकेत ठेवला, तो अजून तिथे आहे.

पुढे तो गाडी शिकला. गेली वीस वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. गल्लीतल्या लोकांनी चेष्टेने त्याला कॅप्टन म्हणायला सुरुवात केली, पण याला चेष्टा कधी कळलीच नाही, त्यामुळे नाव चिकटलं. लग्न केलं नाही. इतकं ऐकून घेणारी कुठून आणायची? माझे यजमान गेले तशी मी त्याच्याकडे राहायला आले आणि व्हॅनच्या मागच्या बाकावर माझी जागा ठरली. दार नीट लावायचं, दप्तरं रचायची, कुणाला मळमळलं तर पिशवी पुढे करायची, कुणी कुणाचे केस ओढले तर दोघांनाही दटावायचं. तेरा पोरं. सगळी याला कॅप्टनकाका म्हणायची आणि त्याच्यावर जीव टाकायची.

गेल्या वर्षी समुद्रापलीकडे दोन देशांचं जुंपलं. आपला त्यात काडीचा संबंध नव्हता, पण तेलाची जहाजं त्याच वाटेने येतात. ती अडकली, त्यांच्या राखणीला आपल्या नौदलाची चार जहाजं गेली, आणि इकडे डिझेलचे भाव चढले ते उतरायचं नाव घेईनात. पंपावर रांगा, रांगेत शिव्या. आमच्या कॅप्टनला मात्र चेव आला. व्हॅनच्या मागच्या काचेत त्याने एक पाटी लावली आणि रोज सकाळी खडूने तिच्यावर काहीतरी लिहायला लागला. आपली पोरं भर समुद्रात डोळ्यांत तेल घालून उभी आहेत, तुम्हाला रांगेत उभं राहवत नाही? असलं काहीबाही. त्याचं म्हणणं असं की सरकारवर राग काढायला निवडणूक आहे, पण लढाईच्या दिवसांत कुरकुर करणं म्हणजे चोराला घरचा पत्ता देणं. आपल्या आजीने एका चिमणीच्या उजेडात सात मुलं वाढवली, तिने कधी मोर्चा काढला नाही. आणि आपली माणसं बाहेर असताना घरच्यांनी आधी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, हिशेब नंतर मागायचा. हे सगळं रोज, प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक आईबापाला.

खोटं कशाला बोलू, तो नुसता बोलायचा नाही. दुसऱ्या व्हॅनवाल्याने भाडं दोनदा वाढवलं, याने एकदाही नाही. दूध, भाजी आणायला पायी जायला लागला, ते दुखरे पाय ओढत. मी म्हटलं, अरे, सायकल तरी घे. तर म्हणे, जहाजावर सायकल असते का?

त्याच्याशी तोंडाला तोंड देणारा एकच होता, औषधवाला. राहायला आमच्याच वस्तीत, वर पाण्याच्या टाकीजवळ, आणि दुकान खाली शाळेच्या रस्त्यावर. त्याची दुसरीतली मुलगी आमच्या व्हॅनमध्ये. सकाळी तिला चढवताना तो पाटी वाचायचा आणि दोघांची जुंपायची. कुणाचं युद्ध आणि कुणाच्या खिशाला चाट, असं त्याचं म्हणणं. तेही काही खोटं नव्हतं. पण एके दिवशी तो बोलता बोलता बोलून गेला, की दुसऱ्याला शूर व्हायला सांगणारे स्वतः कुठे लढलेत? त्याच्या मनात तसं काही नव्हतं. आमच्या कॅप्टनचा चेहरा मात्र उतरला. दिवसभर नुसता पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या उतारावर त्याने इंजिन बंद केलं.

टाकीपासून शाळेपर्यंत सलग उतार आहे, मध्ये दोन वळणं. गाडी आपोआप घरंगळत जाते, मग डिझेल कशाला जाळायचं, हा त्याचा हिशेब. पोरांना त्याने तो लढाईचा डाव करून दिला. उताराच्या तोंडाशी तो हुकूम द्यायचा, "इंजिन, विश्राम!" की तेराच्या तेरा पोरं चिडीचूप. खालपर्यंत हूं की चूं करायचं नाही. गाडी कुठवर जाते ते बघायचं. शाळेच्या लाल फाटकापर्यंत गेली तर विक्रम. आणि घरी सांगायचं नाही, कारण सैनिक गुपित फोडत नाही. पोरं इतकी खूष, की काही विचारू नका. मी पहिल्या दिवशी म्हटलं, मेल्या, गाडी आहे की घसरगुंडी? इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो हे तूच मला सांगितलं होतंस ना? तो म्हणाला, ताई, वीस वर्षं हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. मी गप्प बसले. तेरा पोरांसारखी मीही गप्प बसले, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

दीड महिना सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, पुढे कुत्रं आडवं आलं म्हणून पुन्हा दाबला, आणि दुसऱ्या वळणावर गल्लीतून एक टेम्पो उलटा बाहेर आला. तिसऱ्यांदा पाय दिला तर ब्रेक दगडासारखा घट्ट. इंजिन चालू करायला वेळ नव्हता. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी डाव्या भिंतीला घासत नेली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. आरसा तुटून पडला, पत्रा फाटत गेला, दप्तरं माझ्या अंगावर कोसळली. आणि या सगळ्यात एकही पोर ओरडलं नाही. हुकूम होता ना, गप्प बसायचा. त्या शांततेची मला अजून धडकी भरते.

गाडी थांबली. औषधवाल्याच्या मुलीने तोंडातून काहीतरी काढून तळहातावर घेतलं. दात होता, तिचा पुढचा, आधीच हलत असलेला. तो माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "विक्रम झाला का?"

बाकी कुणाला खरचटलंही नाही. माणसं धावत आली, खालच्या दुकानातून औषधवाला आला, मुलीला उचलून घेतलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, ब्रेक गेले वाटतं, काय कसबाने थांबवली हो. आणि बघता बघता तेच ठरलं. गाडी तपासणाऱ्या मेकॅनिकने ब्रेक बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलला नाही. तो आमचा चुलतभाऊच. संध्याकाळपर्यंत शाळेतून निरोप आला: शुक्रवारी पालकसभा आहे, तीत कॅप्टनला शौर्याबद्दल प्रशस्तिपत्र द्यायचं आहे.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. तो म्हणाला, ब्रेक गेले असं मी म्हटलं का? मी म्हटलं, नाहीत गेले असं तरी तू म्हटलंस का? तर ताटातली भाकरी मोडत म्हणतो, जे केलं ते देशासाठीच केलं ना. तेव्हा माझा तोल गेला.

"कोणता देश वाचवत होतास रे? मागे तेरा पोरं बसली होती, ती कोण होती?"

तो ताटावरून उठला. पण शुक्रवारी सकाळी सदऱ्याला स्वतः इस्त्री करत बसलेला दिसला, कॉलरला दोनदा. मला राग यायचा तो आला नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी त्याला कुणीतरी शूर म्हणणार होतं.

सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र. औषधवाला स्वतःहून उठून उभा राहिला. म्हणाला, माझं आणि यांचं एकाही गोष्टीवर पटत नाही, त्यांची पाटी वाचून रोज माझा रक्तदाब वाढतो. पण मी त्यांना एकदा विचारलं होतं की तुम्ही कुठे लढलात. ते शब्द मी सगळ्यांसमोर मागे घेतो. आणि मग मुलीला म्हणाला, सांग बाळा, त्या दिवशी काय झालं ते.

मुलगी खुर्चीवर उभी राहिली. तिने एकदा कॅप्टनकडे बघितलं, दोन्ही हात अंगाला चिकटवले, हनुवटी वर केली आणि त्याने शिकवलं होतं तसं खणखणीत सांगितलं, "ब्रेक फेल झाले. बाकी मला काही माहीत नाही." पुढचा दात नसल्यामुळे त्या खणखणीत आवाजातूनही थोडी हवा गेली. लोक कौतुकाने हसले. ती मात्र हसली नाही. ती पहाऱ्यावर होती.

आमचा कॅप्टन उठला. तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. अठराव्या वर्षी भरतीहून घरी आला होता तेव्हा दारात जसा उभा होता, तसाच उभा. मग तो तिच्याजवळ गेला.

"विश्राम, बाळ," तो म्हणाला. "बैस आता."

आणि सभेकडे वळला. "ती खोटं बोलली, माझ्यासाठी बोलली. गुपित राखायला तिला मी शिकवलं. ब्रेक ठणठणीत होते. इंजिन मी बंद केलं होतं, डिझेल वाचवायला. दीड महिना रोज करत होतो."

इतकंच. एवढं थोडं बोलताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही. मग मीही उठले आणि म्हटलं, मी मागच्या बाकावर होते, मला माहीत होतं, मीही बोलले नाही. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. औषधवाल्याने मुलीचा हात धरला आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. प्रशस्तिपत्र टेबलावरच राहिलं.

शाळेने वर्षभर व्हॅन बंद केली, आणि बरोबरच केलं. पाटी त्याने काढून माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली. तिच्यावर मी आता साबण संपला, मीठ आणायचं, असं लिहिते. त्याची मतं बदलली का? छे. चारी जहाजांची बातमी तो अजून उभा राहून ऐकतो आणि भाववाढीवर कुरकुरणाऱ्याला अजून सुनावतो. फक्त आता आवाज खालचा असतो.

डिझेल आणखी दोनदा चढलं. दुसऱ्या व्हॅनचं भाडं काही घरांना झेपेना. महिनाभराने वस्तीतली एक शिवणकाम करणारी बाई आपल्या दोन पोरांना घेऊन दारात आली. तिने जास्त काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "चालत न्याल का यांना, कॅप्टन?" शाळा इथून दीड किलोमीटर. सकाळी मुलांना घेऊन खाली, एकट्याने वर. दुपारी पुन्हा खाली, मुलांना घेऊन वर. याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या पायांकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो निघाला. मागून अजून तिघं आली. तो पुढे, पोरं दोन रांगांत, शेवटी मी, रोज औषधवाल्याच्या दुकानावरून. आता वाटेत वाटेल तेवढं बोलायला परवानगी आहे, आणि पोरं नुसता कलकलाट करतात. संध्याकाळी तो मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसतो, घोटे सुजलेले. मी म्हणते, पुरे आता, नाही झेपत. तो म्हणतो, ताई, तुला कुणी विचारलंय?

परवा सकाळी आम्ही निघणार, तेवढ्यात औषधवाल्याची मुलगी दप्तर पाठीवर घेऊन एकटीच आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. नवा दात अर्धा वर आलेला. तिने याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. उघडून बघितलं तर बुटात घालायचे पॅड, कमान नसलेल्या पायांसाठी मिळतात ते, आणि अगदी याच्या मापाचे.

"बाबांनी दिलेत," ती म्हणाली. "आणि सांगितलंय की मीपण रांगेत."

तो पायरीवर बसला. बूट काढले, पॅड आत नीट बसवले, पाय घातले आणि नाडी बांधायला खाली वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. पोरं रांगेत थांबली होती. शेवटी मीच म्हटलं, अरे ऊठ, शाळेला उशीर होतोय.