भाविकाची एकच लेन्स

आमच्या घरात माझं तोंड मोठं आणि माझी धाकटी जाऊ भाविका मुकी, असं सगळा गाव म्हणतो. त्यातलं अर्धं खरं आहे. माझं तोंड मोठं आहे, कबूल. अंगणवाडीत तीस पोरं सांभाळून दाखवा, मग तुमचं किती लहान राहतं ते बघू! पण भाविका मुकी नाही. ती समोरच्याला आधी बोलून घेऊ देते, आणि समोर मी असले की बिचारीची पाळीच येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी ती माझ्या धाकट्या दिराशी, अमृतशी, लग्न करून गुजरातेतल्या व्याऱ्याहून आमच्या तापीकाठच्या गावात आली. तिकडे मामाच्या फोटो स्टुडिओत ती कामाला होती. रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी तिचा कॅमेरा मांडला होता, तेव्हा आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. त्याच बायका पुढे बारसं म्हणा, डोहाळजेवण म्हणा, तिलाच बोलवायला लागल्या. पुरुष फोटोवाला आला की आमच्या बायका पदर ओढतात आणि अल्बममध्ये नुसती लुगडी दिसतात. भाविकासमोर त्या मोकळ्या बसायच्या. केळीच्या बागेतून अमृतला जे मिळे ते मिळे, पण ह्या कामाचा भाविकाला जो आनंद होता तो वेगळाच होता. फोटो काढून आली की ती भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची.

तिच्याकडे दोन लेन्स होत्या. एक आखूड, घरातल्या फोटोंना. एक लांब, दूरच्या माणसांना. कार्यक्रमात सारखी ही काढ, ती लाव चालायचं. आणि तिथंच घात झाला.

माघात माझ्या भाचीचा, मयूरीचा, साखरपुडा होता. माझ्या माहेरी, धानोऱ्याला. मांडव भावाच्या शेतात, आणि बाजूलाच मिरचीची पथारी, म्हणजे मोकळ्या जागेत पसरून वाळत घातलेली लाल मिरची. वारा सुटलेला. भाविकानं लेन्स काढली, उघडा कॅमेरा माझ्या हातात दिला, "भाभी, एवढा धरा, खाली तोंड करून धरा," म्हणाली आणि पिशवीतून दुसरी लेन्स काढायला वाकली. मी कसली खाली तोंड करून धरतेय! आत वाकून पाहिलं तर एक चकचकीत काच, आणि काचेवर कचऱ्याचा एक कण. आम्हा बायकांना धूळ दिसली की हात थांबत नाही. चष्मा, मोबाइल, पोराचं नाक, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, सगळं आम्ही पदरानं पुसतो. मी काचही पुसली. तोच पदर सकाळपासून पथारीवर मिरच्या निवडताना माझ्या कमरेला खोचलेला होता, हे माझ्या ध्यानीमनी नाही. आपण चांगलं काम केलं असंच मला वाटलं.

आठवड्यानं आम्ही दोघी धानोऱ्याला गेलो, तेव्हा भावानं फोटो टीव्हीवर लावले. आई गं! प्रत्येक फोटोत त्याच त्या जागी काळे डाग. मयूरीच्या गालावर माशी बसल्यासारखी, नवऱ्या मुलाच्या फेट्यावर दुसरी, आभाळ तर पुरळ उठल्यासारखं. भाऊ हसत म्हणाला, "काय ताई, तुमच्या गावी माश्यांसकट फोटो काढतात का?" माहेरच्या माणसांसमोर माझी मान खाली गेली. मी सगळ्यांदेखत भाविकावर तुटून पडले. "एवढं साधं काम जमत नाही तर कॅमेरा गळ्यात घालून मिरवतेस कशाला?"

ती नुसती माझ्या पदराकडे बघत राहिली. मला वाटलं, मान वर करायची लाज वाटतेय.

गोष्ट सासऱ्यांपर्यंत गेली. आमचे सासरे पितांबरबाबा कमी बोलतात, पण बोलले की तो शेवटचा शब्द. म्हणाले, "बेटा, ते यंत्र आते कपाटमा ठेवी दे. घरनं नाव जास." भाविकानं कॅमेरा साड्यांखाली ठेवला. त्या दिवसापासून भांडी घासताना घरात नुसता भांड्यांचा आवाज.

महिन्याभरानं अमृत म्हणाला, पडून राहण्यापेक्षा विकलेला बरा. विकण्याआधी साफ करून घ्यावा म्हणून तो कॅमेरा नंदुरबारला घेऊन गेला. परत आला तेव्हा आम्ही जेवत होतो. हात धुता धुता म्हणाला, "कारागीर हसत व्हता. म्हणे, आतली काचवर कोनी तरी फडकं फिरावं शे. मिरचीनी भुकटी चिकटेल व्हती."

मी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी शेंगा निवडायला आम्ही दोघीच ओसरीत बसलो, तेव्हा मी बोलून टाकलं. "भाविका, ते फडकं नव्हतं गं. माझा पदर होता."

"माहीत शे ना, भाभी."

"माहीत होतं? मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुमच्या माहेरची माणसं बसली होती समोर," ती म्हणाली आणि शेंगा निवडत राहिली.

मला इतका राग आला, इतका राग आला! तिचा आला, माझा आला, त्या मिरचीचासुद्धा आला. मी तशीच उठले आणि ओट्यावर बसलेल्या बाबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. काच मी पुसली. हिनं माझं झाकलं आणि शिक्षा भोगली. कॅमेरा विकायचा नाही."

 आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, बाबांची पंचाहत्तरी करायचं ठरलं होतं, त्याला स्टुडिओवाला सांगायचा होता. बाबा म्हणाले, "बरं. मन्हा कार्यक्रमना फोटो हाईच काढी. पन एक अट. आमना जोडाना एक फोटो पाहिजे, भिंतवर लावाले. त्यामा तुन्ही सासूनं तोंड दखावाले पाहिजे. आधार कार्डसारखं नको, हासरं. जमनं ते काम चालू ऱ्हाई. नही जमनं ते यंत्र इकी टाकू."

अट ऐकून मलाच घाम फुटला. आमच्या सासूबाई कौसाबाई. त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो. बाईंचा तोंड दिसणारा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात त्या पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसतात. एरवीच्या प्रत्येक फोटोत पदर हनुवटीपर्यंत. कारण प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या खुर्चीवर त्यांचे जेठ बसलेले असतात, बाबांचे थोरले भाऊ भिकनबाबा. भिंतीपलीकडे राहतात. त्यांची बायको गेल्यापासून बाई त्यांची भाकर रोज स्वतः थापतात, पण बावन्न वर्षांत त्यांच्यासमोर पदर वर गेला नाही. घरात गुपचूप फोटो काढू म्हटलं तर बाई म्हणाल्या, "दोन्ही म्हतारा दार लाईसन फोटो काढतस? लोके काय म्हनतीन!"

भाविका कामाला लागली. तिनं आधी लेन्स शोधली नाही, वही घेतली. प्रत्येक फोटो लेन्सच्या कोणत्या आकड्यावर काढला ते कॉम्प्युटरवर दिसतं म्हणे; आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. नऊ वर्षांतले फोटो उघडून तीन दिवस ती आकडे लिहीत होती. मग आमच्या गोठ्याच्या दारापासून मांडवात जोडीचे पाट मांडायचे तिथपर्यंत पावलं मोजली. बावीस भरली. "जवळ गेले की बाई ताठ होतात," ती म्हणाली. "फोटो इथूनच काढावा लागणार. आणि इथूनच अख्खा मांडवही यायला हवा. आता वाऱ्यात लेन्स बदलायची नाही. एकच लेन्स, लावली की लावली."

आम्ही दोघी नंदुरबारला गेलो. जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान. दुकानदारानं पहिल्यांदा काढली ती तीनशे आकड्यापर्यंत जाणारी, दोन पपया एका हातात धरल्यासारखी जड. "ताई, हिच्यात चंद्रावरचे डागसुद्धा दिसतात."

"डाग आमच्याकडे भरपूर झालेत," मी म्हटलं.

भाविकानं ती लावून रस्त्यापलीकडची पाटी टिपली, मोठी करून पाहिली. शेवटच्या टोकाला अक्षरं पिठाळ दिसत होती. दुसरी लेन्स छोटी, स्वस्त, अंधारातही उजेड धरणारी, पण जवळ-दूर न होणारी. आपणच पुढे-मागे व्हायचं. पुढे गेलं की बाईंचं आधार कार्ड झालंच! तिसरी होती कोणीतरी वापरून विकलेली, अठरापासून एकशेपस्तीसपर्यंत जाणारी. कडेला ओरखडा, फिरवायच्या कड्याचं रबर थोडं सैल. दुकानदार स्वतःच म्हणाला, "ही नवी नाही, आणि अंधारात जरा कमी पडते."

भाविकानं ती ट्यूबलाइटसमोर धरून आत बुरशीचं जाळं आहे का पाहिलं. कडं दहा वेळा फिरवलं. पाटीचा फोटो चारही कोपऱ्यांत तपासला. मग वहीतले आकडे बघितले. तिचे जवळजवळ सगळे फोटो ह्याच पल्ल्यात बसत होते.

"अंधारात मी दिवा लावीन," ती दुकानदाराला म्हणाली. "धुळीत काय लावू?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. आणि हिला लोक मुकी म्हणतात!

जुन्या दोन्ही लेन्स देऊन, वर गावातल्यांचे पासपोर्ट फोटो काढून साठवलेले पैसे घालून तिनं ती घेतली. घरी आल्यावर लेन्स आणि कॅमेरा जुळतात तिथं तिनं काळी चिकटपट्टी गुंडाळली. गुंडाळताना एकदा माझ्या पदराकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघ, बघ! जन्मभर बघ आता."

पंचाहत्तरीच्या दुपारी वैशाखातला वारा नुसता माती उधळत होता. मांडव भरला. भिकनबाबा पुढच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांत धरून. समोर पाटांवर बाबा आणि बाई. औक्षण झालं, नारळ झाला, शाल झाली. बाईंचा पदर हनुवटीला शिवल्यासारखा. गोठ्याच्या दारात भाविका कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळत होती. तिनं सगळं टिपलं, फक्त जे हवं ते नाही. माणसं जेवणाकडे बघायला लागली. भाविकानं कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

मला ते बघवेना. मी सरळ भिकनबाबांपुढे गेले आणि वाकून म्हटलं, "बाबा, जरा पाठ फिरवून बसता का?" त्यांना ऐकू कमी येतं. "काय?" म्हणाले. मग मी ओरडले, "बाईंचा फोटो काढायचा आहे, तोंड दिसायला पाहिजे, तुम्ही पाठ फिरवा!" सगळ्या मांडवानं ऐकलं. माझ्या नवऱ्यानं डोळे वटारले. बायकांतून कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. आता धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

भिकनबाबा काठीवर जोर देऊन उठले. मदतीला आलेला हात त्यांनी झिडकारला. खुर्ची स्वतः उचलून उलटी ठेवली आणि गोठ्याकडे तोंड करून बसले. समोर भाविका दिसली. तिला म्हणाले, "काढ, बेटा." वर डोळेही गच्च मिटून घेतले.

 बाबा हळूच म्हणाले, "कौसा, आते ते उघड." बाईंचा हात पदराला गेला, थबकला, मग पदर भांगापर्यंत मागे सरला. समोर जेठांची पाठ, वर्गात कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखी. ते बघून बाईंना हसू फुटलं. राहिलेले चार दात दाखवून त्या खळखळून हसल्या आणि त्यांच्याकडे बघून बाबाही. गोठ्याच्या दारात भाविकाचा हात कड्यावर फिरत होता. आधी अख्खा मांडव उलट्या खुर्चीसकट, मग जोडी, मग एकट्या बाई. एवढ्यात वाऱ्याचा झोत आला, सगळीकडे माती झाली आणि पदर पुन्हा खाली आला. सगळं मिळून अर्धं मिनिट. लेन्स बदलत बसली असती तर त्यातलं काहीच मिळालं नसतं.

भाविकानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आधी बाबांना दाखवला. एक डाग नाही. बाबा बघत राहिले, मग म्हणाले, "हाऊ भिंतवर लागी."

"माले दखाडशात का नही?" मागून भिकनबाबांनी विचारलं. ते अजून तसेच पाठ फिरवून बसलेले.

 जेठानं बघायचं का? भाविका बाईंकडे वळली. पदराआडून मान हलली, हो म्हणून.

भिकनबाबांनी चष्मा लावला. पडदा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "पितांबर तवय शिकाले व्हता. बापनी माले धाडं, पोर देखाले. हाई पानी लई उनी, माले देखीसन हाशी पडनी. मी घर ईसन सांगं, पोर हासरी शे, करी टाका." त्यांनी चष्मा काढला. "त्यानंतर आज देखी ऱ्हायनू. तशीच शे."

बाईंना बघायला बाबांच्या जागी हेच गेले होते तर! बाईंचा पदर हलायला लागला. रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे. मी मात्र भोकाड पसरलं, लाज कसली त्यात!

बाबा भाविकाला म्हणाले, "ते यंत्र आते कपाटमा ठेवू नको." ती दोघा भावांच्या पाया पडायला वाकली, म्हणून कॅमेरा तिनं माझ्या हातात दिला. माझं नाक गळत होतं, डोळे गळत होते, पडद्यावर माझ्याच आसवांचा थेंब पडला. मी पदराचं टोक उचललं मात्र, तिनं वाकल्या वाकल्याच माझा हात धरला.

"भाभी, आधी डोळे पुसा. कॅमेऱ्याचं मी बघते."